भांडता येईल असा आकडा: असेमोग्लूंचे ०.६६ टक्के सिंदेवाहीत बसून वाचताना

परवा एका ज्युनिअरचा फोन आला. पेट पास झाली आहे, आता संशोधन प्रस्ताव लिहायचा आहे आणि विषय ठरलाय 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि ग्रामीण रोजगार'. तिचा प्रश्न सरळ होता. "ताई, एआयमुळे किती नोकऱ्या जाणार त्याचा एक पक्का आकडा सांग ना. पहिल्याच पानावर टाकायचा आहे."

मी तिला आकडा दिला नाही, एक शोधनिबंध वाचायला दिला. आज तोच तुमच्यासोबत वाचायचा आहे, आणि तो कुठे पटतो, कुठे पटत नाही तेही सांगायचं आहे.

आधीच कबूल करते, अर्थशास्त्र हा माझा विषय नाही. माझं एम.एस्सी. रसायनशास्त्रात झालं आणि पीएच.डी. धानाच्या तुसापासून सिलिका काढण्यावर सुरू आहे. पण हा निबंध वाचायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही, गुणाकार येत असला की पुरे. शिवाय याच विषयावरच्या दुसऱ्या एका निबंधामुळे मी भर सेमिनारमध्ये चुकीचं बोलून बसले आहे. तोही हिशेब आज चुकता करायचा आहे.

निबंध कोणता?

लेखक दारोन असेमोग्लू, अमेरिकेतल्या एमआयटीत अर्थशास्त्राचे प्राध्यापक. २०२४ चं अर्थशास्त्राचं नोबेल सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन यांच्यासोबत त्यांना मिळालं. निबंधाचं नाव 'द सिंपल मॅक्रोइकॉनॉमिक्स ऑफ एआय'. मे २०२४ मध्ये तो कार्यपत्र म्हणून बाहेर आला आणि पुढे 'इकॉनॉमिक पॉलिसी' या नियतकालिकात छापून आला.

त्याआधीचं वातावरण आठवा. २०२३ मध्ये गोल्डमन सॅक्सच्या अहवालात आलं होतं की जनरेटिव्ह एआयमुळे दहा वर्षांत जगाचं उत्पन्न ७ टक्क्यांनी वाढू शकतं आणि ३० कोटी पूर्णवेळ नोकऱ्यांइतकं काम यंत्राच्या टप्प्यात येऊ शकतं. वर्तमानपत्रांत मथळे काय आले ते सांगायला नको. 'टप्प्यात येऊ शकतं' हे शब्द गळाले आणि '३० कोटी नोकऱ्या जाणार' एवढंच उरलं.

असेमोग्लूंचं उत्तर असं: पुढच्या दहा वर्षांत एआयमुळे अमेरिकेची एकूण घटक उत्पादकता फार तर ०.६६ टक्के वाढेल. वर्षाला नव्हे, दहा वर्षांत मिळून. एकूण घटक उत्पादकता म्हणजे काय? तेवढेच मजूर, तेवढीच यंत्रं, तेवढाच पैसा, तरी उत्पादन जास्त. तेवढ्याच बांधीत, तेवढ्याच माणसांनी, तेवढंच खत टाकून एक पोतं धान जास्त झालं तर त्या वाढीला हे नाव द्यायचं. नवीन गुंतवणूक धरली तर एकूण उत्पन्नातली वाढ थोडी जास्त दिसते, एक टक्क्याच्या आसपास. तरीही ७ टक्के कुठे आणि हे कुठे?

गुणाकार

आता वही घ्या. निबंधाचा सांगाडा एका वाक्यात मावतो: ज्या कामांवर परिणाम होणार त्यांचा अर्थव्यवस्थेतला वाटा आणि त्या कामांत होणारी खर्चाची बचत, या दोघांचा गुणाकार.

हे कसं, ते मिलच्या उदाहरणाने बघू. समजा एका राईस मिलचा एकूण खर्च १०० रुपये आहे आणि त्यात दाणे निवडण्याचा खर्च ५ रुपये. नवीन मशीनमुळे निवडण्याचा खर्च ४० टक्क्यांनी कमी झाला. मशीन विकणारा '४० टक्के बचत' असं मोठ्या अक्षरात लिहील. पण मिलचे वाचले किती? शंभरातले दोन रुपये. चाळीस टक्के खोटे नाहीत, ते फक्त पाच रुपयांवरचे आहेत. असेमोग्लूंनी हेच अख्ख्या अमेरिकेसाठी केलं.

पहिली पायरी: मजुरीच्या हिशेबाने बघितलं तर एआयच्या टप्प्यात येऊ शकतील अशी कामं साधारण २० टक्के.
दुसरी पायरी: त्यातली यंत्राला देणं खरोखर परवडेल अशी २३ टक्के. २० चे २३ टक्के म्हणजे ४.६ टक्के.
तिसरी पायरी: अशा कामांत मजुरीची बचत सरासरी २७ टक्के. पण खर्च नुसत्या मजुरीचा नसतो. या कामांत मजुरीचा वाटा निम्म्याहून थोडा जास्त, म्हणून एकूण खर्चातली बचत १४.४ टक्के.
चौथी पायरी: ४.६ टक्के गुणिले १४.४ टक्के. उत्तर ०.६६ टक्के.

झालं. नोबेल मिळालेल्या माणसाचा सगळ्यात गाजलेला आकडा आपण पाच मिनिटांत पुन्हा काढला. या निबंधावरची माझी पहिली टिप्पणी हीच आहे आणि ती कौतुकाची आहे. आकडा कसा तयार झाला ते लपवलेलं नाही. पुढे ते असंही म्हणतात की आजवरचे पुरावे सोप्या कामांचे आहेत आणि अवघड कामांत बचत कमी होईल. ते धरलं की आकडा ०.५३ वर येतो.

प्रत्येक आकड्याचा सातबारा काढा

जमीन घेताना आपण सातबारा बघतो. जमीन कोणाच्या नावावर, बोजा किती, फेरफार कधी झाला. निबंधातल्या आकड्याचंही तसंच करायचं. तो कोणाच्या घरून आला, तिथे कशासाठी मोजला होता, इथे कशासाठी वापरला.

२० टक्क्यांचं मूळ २०२३ च्या एका अभ्यासात आहे. तो ओपनएआय आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी केला. अमेरिकेत प्रत्येक व्यवसायातल्या कामांची एक मोठी सरकारी यादी असते. त्यातलं एकेक काम घेऊन ठरवलं की भाषा-मॉडेल वापरून, दर्जा तोच ठेवून, याला लागणारा वेळ निदान निम्मा होईल का. हे ठरवायला माणसं होती आणि जीपीटी-४ सुद्धा होतं. म्हणजे इथे कोणी घड्याळ लावून वेळ मोजलेला नाही, हा अंदाज आहे. आणि अंदाज करणाऱ्यांपैकी काही जण ते यंत्र बनवणाऱ्या कंपनीतलेच. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही, पण सातबारावर हा शेरा हवा.

२३ टक्क्यांचं मूळ एमआयटीच्याच २०२४ च्या एका अभ्यासात आहे. त्याचा विषय वेगळा: कॅमेऱ्याने बघून होणारी कामं. अशा कामांवर जेवढी मजुरी जाते त्यातली फक्त २३ टक्के मजुरी आज यंत्राने वाचवणं परवडेल, असं त्यांनी काढलं. त्यांचं बेकरीचं उदाहरण मला फार आवडतं. एका छोट्या बेकरीत पाच कारागीर. प्रत्येकाचा पगार वर्षाला ४८,००० डॉलर. जिन्नस खराब तर नाहीत ना हे डोळ्यांनी तपासण्यात त्यांचा सहा टक्के वेळ जातो. हे काम कॅमेऱ्याला दिलं तर वर्षाला १४,००० डॉलर वाचतील. पण तशी यंत्रणा बनवून चालवायला त्याहून पुष्कळ जास्त खर्च येतो. म्हणजे यंत्राला काम 'जमतं' आणि यंत्राला काम 'देणं परवडतं' या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. तुमच्या वहीत हे वाक्य लाल पेनाने लिहा.

पण इथेच माझा पहिला आक्षेप आहे. कॅमेऱ्याच्या यंत्रणेवर काढलेले २३ टक्के असेमोग्लूंनी भाषेच्या कामांनाही लावले आणि पुढच्या दहा वर्षांसाठी धरले. कॅमेऱ्याची यंत्रणा प्रत्येक कारखान्यासाठी वेगळी बसवावी लागते, भाषा-मॉडेल मात्र मोबाईलवर आयतं मिळतं. दोन्हींच्या खर्चाचा हिशेब एक कसा? २३ च्या जागी ५० टाकून बघा: २० चे ५० टक्के म्हणजे १०, गुणिले १४.४ टक्के, उत्तर १.४४ टक्के. एक आकडा बदलला आणि उत्तर दुपटीच्या पुढे गेलं.

२७ टक्क्यांचं मूळ तर आणखी मजेदार आहे. ती दोन प्रयोगांची सरासरी आहे. पहिला प्रयोग २०२३ मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आला: ४५३ सुशिक्षित नोकरदारांना अर्ध्या तासाच्या आसपासचं लेखनकाम दिलं, निम्म्यांना चॅटजीपीटी दिलं. त्यांचा वेळ ४० टक्क्यांनी कमी झाला. दुसरा अभ्यास एरिक ब्रिन्योल्फसन आणि सहकाऱ्यांचा: ग्राहकांच्या तक्रारी सोडवणारे पाच हजारांवर कर्मचारी, प्रत्यक्ष नोकरीतलं काम. तिथे उत्पादकता सरासरी १४ टक्के वाढली. नवशिक्यांची ३४ टक्के, मुरलेल्यांची जवळपास नाहीच. आता ४० अधिक १४, भागिले दोन: २७.

रसायनशास्त्रात कोणी असं केलं तर गाईड वही परत करतील. एक मोजमाप घरबसल्या केलेल्या अर्ध्या तासाच्या सुट्या कामाचं, दुसरं रोजच्या नोकरीचं. दोन वेगळ्या भट्ट्यांत, वेगळ्या तापमानाला जाळलेल्या तुसाच्या सिलिकाची सरासरी शुद्धता काढण्यासारखं आहे हे. सरासरी निघते, पण ती कशाची? फक्त १४ घेतले तर शेवटचं उत्तर ०.३४ टक्के येतं, फक्त ४० घेतले तर ०.९८. जगभर मात्र ०.६६ हाच आकडा गेला. या टोकापासून त्या टोकापर्यंतचा पल्ला मथळ्यातच दिसायला हवा होता, ही माझी मुख्य तक्रार.

हे फक्त माझंच म्हणणं नाही. फिलिप आगियों (यांना पुढे २०२५ चं नोबेल मिळालं) आणि सिमोन ब्युनेल यांनी हाच सांगाडा घेतला, फक्त आत भरायचे आकडे इतर अभ्यासांतून निवडले. त्यांचं मधलं उत्तर आलं ०.६८. ऐकायला तेच वाटतं ना? पण हे ०.६८ दर वर्षाचं आहे, असेमोग्लूंचं ०.६६ दहा वर्षांचं. गुणाकार तोच, उत्तरात दसपट फरक. आणि आगियों-ब्युनेल यांनी आपला पल्लाही सांगितला आहे: वर्षाला ०.०७ पासून १.२४ पर्यंत.

मग असेमोग्लू चुकले का? मला तसं वाटत नाही. भांडायला जागा त्यांनीच ठेवली म्हणून तर आपण भांडतो आहोत. प्रत्येक पायरी उघडी आहे. तिथे बोट ठेवून 'हे मला मान्य नाही' म्हणता येतं आणि मान्य नसेल तर उत्तर किती बदलतं तेही लगेच काढता येतं. संशोधनातला आकडा असा असावा लागतो. याची किंमत मला ज्या निबंधामुळे कळली, आता त्याच्याकडे वळते.

ज्याचा सातबाराच नव्हता

नोव्हेंबर २०२४ मध्ये एमआयटीच्याच अर्थशास्त्र विभागातल्या एका पीएच.डी. विद्यार्थ्याने निबंध टाकला. विषय थेट माझ्यासारख्यांचा: एका मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत नवीन पदार्थ शोधणाऱ्या १,०१८ शास्त्रज्ञांना एआय दिल्यावर काय झालं. उत्तर असं की नवीन पदार्थ ४४ टक्के जास्त सापडले, पेटंटचे अर्ज ३९ टक्के वाढले, त्यातून तयार होणारी नवी उत्पादनं १७ टक्के वाढली. हुशार शास्त्रज्ञांना फायदा जास्त, बाकीच्यांना कमी, आणि बहुतेकांचं कामातलं समाधान मात्र घटलं. सगळं कसं जिथल्या तिथे.

मोठ्या लोकांनी कौतुक केलं, त्यात असेमोग्लूही होते. मी फेब्रुवारी २०२५ मध्ये माझ्या सेमिनारची सुरुवातच '४४ टक्के' या स्लाईडने केली. टाळ्या पडल्या. एका सरांनी विचारलं, "ही प्रयोगशाळा कुठली?" मी म्हटलं, "सर, गोपनीयतेमुळे नाव दिलेलं नाही." हे उत्तर मला तेव्हा पुरेसं वाटलं.

मे २०२५ मध्ये एमआयटीने जाहीर केलं की या निबंधातली माहिती कुठून आली, ती विश्वासार्ह आहे का, यावर संस्थेचा काहीही विश्वास नाही आणि तो मागे घेतला जावा. हा विद्यार्थी आता संस्थेत नाही, हेही सांगितलं. त्याआधी जानेवारीत, मटेरियल सायन्सचा अनुभव असलेल्या एका संगणकशास्त्रज्ञाने असेमोग्लू आणि त्यांचे सहकारी डेव्हिड ऑटर यांच्याकडे शंका मांडल्या होत्या, आणि त्या दोघांनी प्रकरण संस्थेकडे नेलं.

म्हणजे ज्यांनी कौतुक केलं त्यांनीच शंका आल्यावर पुढे पाऊल टाकलं. याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण शंका कोणाला आली ते बघा. प्रयोगशाळेत काम कसं चालतं हे ठाऊक असलेल्या माणसाला.

आणि ते तर मलाही ठाऊक होतं! मी तूस धुते, आम्लात ठेवते, वाळवते, भट्टीत सहाशे-सातशे अंशांवर जाळते, मग एक्सआरडीसाठी नमुना दुसऱ्या शहरात पाठवून वाट बघत बसते. एआयने मला दहा नवे पदार्थ सुचवले तरी भट्टी लवकर तापत नाही आणि एक्सआरडीची रांग लहान होत नाही. हजार शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत ४४ टक्के जास्त पदार्थ 'सापडले' म्हणजे नेमकं काय झालं? ते बनवले कोणी, तपासले कुठे? हा प्रश्न मी विचारायला हवा होता. मला तो सुचला नाही, कारण आकडा माझ्या सोयीचा होता. त्या आकड्याशी भांडायला जागाच नव्हती. पायऱ्या बंद, प्रयोगशाळा बेनाम. बंद दाराला मी भक्कम भिंत समजले.

पुढच्या सेमिनारमध्ये मी ती स्लाईड काढली आणि का काढली तेही सांगितलं. दोन मिनिटं फार जड गेली.

०.६६ सिंदेवाहीत चालेल का?

आता ज्युनिअरच्या प्रश्नाकडे. असेमोग्लूंचा आकडा उचलून 'ग्रामीण चंद्रपूर'वरच्या प्रस्तावात टाकता येईल का? नाही. ही असेमोग्लूंची चूक नाही, त्यांनी तो अमेरिकेसाठीच काढला आहे. उचलणाऱ्याची चूक.

कारण मुळातली कामांची यादीच अमेरिकन आहे. आपल्या तालुक्यातली माणसं कोणती कामं करतात? धानाची रोवणी, कापणी, तेंदूपत्ता तोडणं, मोहफूल वेचणं, मिलमधली हमाली. यातलं किती भाषा-मॉडेलच्या टप्प्यात येतं? फार थोडं. म्हणून २० टक्के इथे खूप खाली येतील असं वाटतं. पण थांबा, ऑनलाइन अर्ज भरून देणारं एखादं केंद्र घ्या. तिथल्या दादाचं काम एका शब्दात 'अर्ज भरणं' असं लिहिलं तर ते शंभर टक्के टप्प्यात येईल. आता तेच काम फोडून लिहा.

कागद बघून कोणता कमी आहे ते सांगणं. आधारवर 'कवडू' आणि सातबारावर 'कवडूजी' असेल तर कोणतं नाव चालेल ते ठरवणं. रोवणी करून बोटं झिजलेल्या बाईचा अंगठा मशीनवर उमटत नाही, तेव्हा दुसरं बोट, ओले हात पुसणं, पुन्हा प्रयत्न. ओटीपी ज्या मोबाईलवर येतो तो मुलगा नागपूरला कामाला, त्याला फोन लावणं. सर्व्हर बंद असला की पंधरा किलोमीटरवरून आलेल्या माणसाला 'उद्या या' म्हणणं आणि त्याचा राग ऐकून घेणं. शेवटी, फॉर्म टाईप करणं.

यातलं शेवटचं काम एआयला देता येतं. बाकीची कुठल्या यादीत आहेत? तुम्ही पंधरा दिवस अशा एका केंद्रात बसून प्रत्येक कामाला किती मिनिटं जातात एवढंच नोंदवलं तरी तो आकडा तुमचा असेल, त्याच्या पायऱ्या तुमच्या वहीत असतील आणि त्याच्याशी कोणालाही भांडता येईल. असेमोग्लूंकडून आकडा घेऊ नका, ही फोडून बघायची रीत घ्या.

परवडण्याचंही तसंच. मी ज्या मिलमधून तूस आणते तिथे सॉर्टेक्स मशीन आहे. दाणा वरून पडताना कॅमेरा बघतो, काळा-पिवळा दिसला की हवेच्या फवाऱ्याने बाजूला उडवतो. यंत्राने 'बघून ठरवणं' आपल्याकडे चॅटजीपीटीच्या कितीतरी आधी आलं. पण शेजारच्याच लहान मिलमध्ये आजही बाया सूप घेऊन बसलेल्या दिसतात. दोन्ही ठिकाणी यंत्राला काम जमतंच, परवडतं एकाच ठिकाणी. बेकरीचं उदाहरण इथे राईस मिलच्या रूपात भेटतं. हे दोन मिल शेजारी ठेवून एक चांगला लघुप्रबंध होईल.

आणखी एक गोष्ट ०.६६ मध्ये दिसत नाही: फायदा कोणाच्या घरी जातो. असेमोग्लू हे जाणतात. एआयमुळे भांडवल आणि मजुरी यांच्यातली दरी वाढेल असं ते याच निबंधात म्हणतात, आणि सायमन जॉन्सनसोबतच्या २०२३ च्या पुस्तकाचा तर तोच विषय आहे. आपल्याला त्यासाठी परदेशी उदाहरण नको. सिंदेवाहीच्या शेजारचा तालुका नागभीड, तिथल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत. १९८३ मध्ये धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या जपून-निवडून त्यांनी जे वाण उभं केलं ते घड्याळाच्या नावावरून 'एचएमटी' म्हणून देशभर गेलं. १९९८ मध्ये कृषी विद्यापीठाचं 'पीकेव्ही-एचएमटी' आलं आणि श्रेय कोणाचं यावर वाद झाला. दादाजींना पुरस्कार मिळाले, फोर्ब्सच्या यादीत नाव आलं, आणि २०१८ मध्ये ते गेले तेव्हा घरची परिस्थिती ओढगस्तीचीच होती. उत्पादकतेच्या तक्त्यात एचएमटीची नोंद नक्की झाली असेल. तिचा वाटा कोणाला किती मिळाला, ते त्या तक्त्यात नसतं.

मराठीत हा प्रश्न जुना आहे

प्रस्ताव वाचताना मला एक दिसतं: एआयवरचा संदर्भांचा आढावा २०२२ च्या नोव्हेंबरपासून, म्हणजे चॅटजीपीटीपासून सुरू होतो. यंत्र आल्यावर कारकुनाचं काय, हा प्रश्न त्याहून निदान अर्धशतक जुना आहे आणि त्यावर एका मराठी अर्थतज्ज्ञाने काम केलं आहे.

वि. म. दांडेकर, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ लागले तेव्हा कर्मचारी संघटनांनी मोठा विरोध केला. नोकऱ्या जातील ही भीती, आजची तीच. पुढे केंद्र सरकारने स्वयंचलनावर समिती नेमली, तिचे अध्यक्ष दांडेकर. अहवाल १९७२ चा. बँकांत तर संगणकाची वाट १९८३ मध्ये संघटनांशी करार झाल्यावर आणि १९८४ च्या रंगराजन समितीनंतरच मोकळी झाली. म्हणजे यंत्र किती वेगाने येतं हे नुसत्या तंत्रज्ञानावर ठरत नाही, टेबलाच्या दोन्ही बाजूंना कोण बसलंय यावरही ठरतं. असेमोग्लूंच्या गुणाकारात या टेबलाला जागा नाही. तुमच्या प्रस्तावात असू द्या.

पण विदर्भात 'दांडेकर समिती' म्हटलं की वेगळंच आठवतं: अनुशेष. १९८३ मध्ये नेमलेल्या या समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. राज्याची सरासरी काढली, जो जिल्हा सरासरीच्या जितका खाली तितका त्याचा अनुशेष. एकूण सुमारे ३,१८७ कोटी रुपये, त्यात विदर्भाचा सुमारे १,२४७ कोटी. चाळीस वर्षं झाली, आपल्याकडची माणसं या आकड्याशी भांडतात. सरासरीच का धरली, पुढारलेल्या भागाइतकं का नको? जिल्हा हेच एकक का? मधल्या वर्षांत तो वाढला त्याचं काय?

लहानपणी हे वाद ऐकून मला वाटायचं, आकडा चुकीचाच असणार, म्हणून एवढं भांडण. आता उलट वाटतं. रीत लिहून ठेवली होती म्हणून भांडता आलं. सरासरी कुठली, एकक कुठलं, हे माहीत होतं म्हणून 'हे बदला' असं नेमकं सांगता आलं. मोजमापाची रीतच न सांगता कोणी म्हटलं असतं 'विदर्भ ४४ टक्के मागे आहे', तर आपण टाळ्या वाजवल्या असत्या किंवा घोषणा दिल्या असत्या. वाद घालता आला नसता.

प्रस्ताव लिहिण्याआधी

ज्युनिअरला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. एआयच्या परिणामांवर कुठलाही आकडा दिसला की चार प्रश्न विचारा. हा आकडा किती वर्षांचा? कशाचा टक्का: नोकऱ्यांचा, कामांचा की खर्चाचा? मुळात कुठे आणि कोणावर मोजला? एक पायरी बदलली तर उत्तर किती हलतं? पहिल्या तिघांची उत्तरं निबंधात सापडली नाहीत तर तो आकडा पहिल्या पानावर टाकू नका, कितीही मोठ्या माणसाने कौतुक केलेलं असो. चौथा प्रश्न तुम्ही स्वतः वही घेऊन सोडवा.

आणि तुमच्या विषयाचं जे ज्ञान हातात आहे ते दाराबाहेर ठेवून अर्थशास्त्र वाचायला जाऊ नका. मी ती चूक केली. मिल माहीत असलेल्या, रोवणी केलेल्या, केंद्राबाहेर रांगेत उभं राहिलेल्या माणसाला काही आकडे ऐकताच खटकतात. ते खटकणं लिहून ठेवा. कदाचित तिथेच तुमचा संशोधनाचा प्रश्न असेल.

ज्युनिअरने काल मेसेज केला. पहिल्या पानावरचा आकडा तिने काढला आहे. त्या जागी आता लिहिलंय: 'सिंदेवाही तालुक्यातल्या दोन अर्ज-केंद्रांतली कामं, मिनिटांत.' आकड्याची जागा तिने रिकामी ठेवली आहे. पुढच्या आठवड्यात ती केंद्रात जाऊन बसणार आहे, घड्याळ घेऊन.